हुकूम आणि नोंद : मेंदू-उद्दीपनाच्या प्रयोगांमागचं सॉफ्टवेअर

वर्तमानपत्रातलं नाटकाचं परीक्षण आठवा. लेखकावर दोन परिच्छेद, नटांवर तीन, आणि शेवटी 'प्रकाशयोजना पूरक' अशी एक ओळ. मेंदू-उद्दीपनाच्या शोधनिबंधांत सॉफ्टवेअरच्या वाट्याला एवढीच ओळ येते. 'प्रयोग अमुक प्रोग्रॅमने नियंत्रित केला.' संपलं. आज आम्ही त्या एका ओळीचं परीक्षण करणार आहोत, कारण आमच्या मते या क्षेत्रातले बरेचसे वाद त्या ओळीत दडलेले आहेत.

आधी थोडी ओळख, नवीन श्रोत्यांसाठी. कवटी न उघडता मेंदूला चेतवण्याच्या दोन पद्धती सगळ्यात जास्त वापरल्या जातात. पहिली चुंबकीय, म्हणजे टीएमएस. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका कॉइलमधून क्षणात सोडायची. एक-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागापुरतं उभं राहतं, त्यामुळे कवटीखालच्या पेशींत प्रवाह निर्माण होतो, आणि कॉइल योग्य जागी असेल तर समोरच्या माणसाचं बोट आपोआप उडतं. दुसरी पद्धत सौम्य विजेची, टीडीसीएस. 2000 साली गॉटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह सोडून दाखवलं की चालक भागाची उत्तेजितता बदलते. त्यात बोट उडत नाही, टाळूला थोडं चुणचुणतं.

आता प्रश्न असा, की यंत्राला 'आता सोड' हे कोण सांगतं? सुरुवातीला माणूसच सांगायचा, पायाखालच्या बटणाने. पण पडद्यावर अक्षर दिसल्यानंतर अमुक मिलिसेकंदांनी, शंभरदा, तीव्रता बदलत, क्रम मिसळून स्पंदनं द्यायची असतील तर ते माणसाच्या पायाला जमत नाही. म्हणून संगणक आला. त्याच्याकडे दोन कामं आली: यंत्राला हुकूम देणं, आणि प्रत्यक्षात काय घडलं त्याची नोंद ठेवणं. आमची एकच कसोटी आहे. हुकूम आणि घडलेली गोष्ट या दोन वेगळ्या बाबी आहेत हे साधनाला कळतं का? बहुतेकांना अर्धवट कळतं, असं आम्हाला दिसलं.

मॅगपायपासून सुरू करू. पायथन भाषेतलं हे छोटं साधन आहे, निकोलस मॅकनेअर यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेलं, मॅगस्टिम कंपनीच्या यंत्रांशी सिरियल पोर्टवरून बोलणारं. ज्यांनी जुने मोडेम हाताळलेत त्यांना हे पोर्ट माहीत असेल. तीव्रता बदलायची तर एक चिन्ह, तीन आकडे आणि शेवटी चूक ओळखणारं एक अक्षर पाठवायचं, एवढाच व्यवहार. आम्हाला हे साधन आवडतं, कारण त्याची महत्त्वाकांक्षा मर्यादित आहे. ते पडद्यावर चित्र दाखवत नाही, स्नायूंचे सिग्नल वाचत नाही. यंत्राशी नीट बोलायचं, बाकीचं ज्याचं त्याने पाहावं.

पण त्यात एक जागा अशी आहे जिथे थांबून विचार करायला हवा. ही यंत्रं संगणकाच्या ताब्यात असताना एक अट घालतात: माझ्याशी सतत बोलत राहा. थोडा वेळ निरोप आला नाही की यंत्र आपण होऊन निःशस्त्र होतं. मुंबईच्या लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं आणि हात सुटला की ब्रेक लागतात, तोच विचार इथे आहे. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, तेव्हा थांबा.

आता प्रयोग लिहिणाऱ्याची अडचण बघा. त्याचा प्रोग्रॅम चित्रं दाखवतोय, उत्तरं घेतोय, त्यात दर अर्ध्या सेकंदाला यंत्राला 'मी आहे' सांगत बसणं जिकिरीचं. म्हणून मॅगपाय हे काम एका वेगळ्या, स्वतंत्र प्रक्रियेकडे देतं. ती मागच्या मागे यंत्राला टोचत राहते. सोय उत्तम. पण मग मुख्य प्रोग्रॅम कुठेतरी अडकला, पडदा गोठला, तरी टोचणारा टोचतच राहतो आणि यंत्र सज्जच राहतं. हँडलला वीट बांधून मोटरमन चहाला गेल्यासारखं. अगदी तंतोतंत तसं नाही, हे मान्य. प्रोग्रॅम बंदच पडला तर टोचणाराही बंद होतो, आणि हुकमाशिवाय स्पंदन सुटत नाही. म्हणून याला आम्ही धोका म्हणणार नाही. पण यंत्र बनवणाऱ्याने सुरक्षेसाठी ठेवलेली शांतता सॉफ्टवेअरने सोयीसाठी भरून काढली, आणि वापरणाऱ्याला हा सौदा झाल्याचं सहसा कळतही नाही. मुख्य प्रोग्रॅमने अधूनमधून आपण जागे असल्याची खूण दिली तरच टोचणाऱ्याने टोचावं, एवढी दुरुस्ती सोपी आहे. ती आम्हाला हवी आहे.

वेळेकडे वळू. वेळ किती बारीक लागते? 1989 मध्ये अमेरिकेत अमासियन यांच्या गटाने एक प्रयोग केला, तो आजही शिकवला जातो. पडद्यावर तीन अक्षरं क्षणभर दाखवायची आणि डोक्याच्या मागच्या बाजूला एक स्पंदन द्यायचं. स्पंदन अक्षरांनंतर साधारण 80 ते 100 मिलिसेकंदांनी आलं तर माणसाला अक्षरं दिसत नाहीत. फार आधी किंवा फार नंतर आलं तर दिसतात. म्हणजे सगळा निष्कर्ष वीसेक मिलिसेकंदांच्या फटीत.

आता हिशेब मांडू. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राला सुमारे 16.7 मिलिसेकंद. चित्र वरून खाली रंगवलं जातं, तेव्हा वरच्या कोपऱ्यातलं अक्षर आणि तळातलं अक्षर यांच्यातच जवळपास तेवढा फरक. सिरियल पोर्टचा नेहमीचा वेग सेकंदाला 9600 बिट, म्हणजे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. चार-पाच अक्षरांचा हुकूम गेला की चार-पाच मिलिसेकंद गेले. आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतंच, म्हणून यूएसबीचं अडॅप्टर लागतं. त्यातली एक लोकप्रिय चिप यंत्राकडून आलेलं उत्तर 16 मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवते, मग संगणकाला देते. सेटिंग बदलता येतं, पण ते कुठे असतं हे शोधणाऱ्यालाच माहीत. म्हणजे यंत्र म्हणालं 'सोडलं', आणि आपल्या फाइलमध्ये ती वेळ लिहिली गेली पंधरा मिलिसेकंद उशिराची. अमासियनच्या फटीचा बराचसा भाग इथेच गळून गेला.

इथे सायकोपाय आणि सायकटूलबॉक्स या जुन्या-जाणत्या साधनांचं कौतुक करायलाच हवं. ती उद्दीपनासाठी बनलेली नाहीत, मानसशास्त्राच्या प्रयोगांसाठी आहेत. पण त्यांच्याभोवतीच्या लोकांना वेळ मोजण्याचं वेड आहे. 2020 मध्ये सायकोपायच्याच मंडळींनी अनेक साधनांचं वेळेच्या बाबतीत तुलनात्मक मोजमाप प्रसिद्ध केलं, बाहेरच्या सेन्सरने मोजून. स्वतःच्या साधनाला तराजूत घालणं ही संस्कृती उद्दीपनाच्या साधनांत अजून रुजलेली नाही. तिथे कागदपत्रांत 'अचूक वेळ' असा शब्दप्रयोग असतो. किती अचूक, कुठल्या संगणकावर, कशाने मोजलं? 'शुद्ध तुपातले' अशी पाटी लावलेल्या दुकानात जेवढा पुरावा असतो, तेवढाच इथे.

आता तीव्रता. हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तेव्हा इथे जरा रेंगाळू. यंत्रावर तीव्रता टक्क्यांत असते, पण ते टक्के त्या यंत्राच्या कमाल ताकदीचे. एका यंत्राचे 50 म्हणजे दुसऱ्याचे 50 नव्हेत, कॉइल बदलली तरी अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक माणसाचा स्वतःचा उंबरठा काढतात. रूढ व्याख्या अशी: हाताचा स्नायू सैल असताना दहापैकी निदान पाच स्पंदनांना 50 मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद मिळेल अशी किमान तीव्रता. पुढचा सगळा प्रयोग त्या उंबरठ्याच्या 80 टक्के, 110 टक्के अशा भाषेत चालतो.

हाताने उंबरठा काढायला बरीच स्पंदनं लागतात. माग्डेबुर्गच्या फ्रीडेमान आविझुस यांनी यावर सुंदर तोड काढली. प्रत्येक प्रतिसादानंतर 'उंबरठा कुठे असण्याची शक्यता जास्त' याचं गणित नव्याने करायचं आणि पुढचं स्पंदन तिथेच द्यायचं. एमटॅट नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम हेच करतो. तुम्ही फक्त 'प्रतिसाद आला' किंवा 'नाही आला' सांगायचं, तो पुढची तीव्रता सांगतो. दिसायला अगदी साधा. पण त्यात एक शहाणपण आहे: निर्णय माणसाचा, गणित यंत्राचं.

बेस्ट टूलबॉक्स याच्या पुढे जातो. उमेर हसन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेलं मॅटलॅबमधलं हे मोठं साधन आहे. स्नायूंचे आणि मेंदूचे सिग्नल ते स्वतः वाचतं, उंबरठा स्वतः शोधतं, तीव्रता स्वतः बदलतं, मेंदूच्या लहरीच्या ठरावीक टप्प्यावर स्पंदन सोडण्याचीही सोय आहे. प्रयोगशाळेतल्या दहा सुट्या तुकड्यांऐवजी एक खिडकी. कष्ट फार वाचतात, आणि दोन प्रयोगशाळांनी एकच पद्धत वापरण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण होते. हे मोठं काम आहे.

मात्र स्वयंचलित उंबरठ्याची एक अडचण कुठल्याही साधनाला चुकत नाही. सहभागी माणूस कंटाळतो, बोटं नकळत आवळतो. स्नायू आधीच थोडा ताणलेला असला की कमी तीव्रतेतही प्रतिसाद उमटतो. अनुभवी माणूस रेघ बघतो आणि म्हणतो, 'हात सैल सोडा, हे धरायचं नाही.' प्रोग्रॅम ठरलेल्या खिडकीतली वरची आणि खालची टोकं मोजतो: 50 पेक्षा जास्त, आला. उंबरठा चुकून खाली ठरतो, आणि पुढची सगळी तीव्रता त्या चुकलेल्या उंबरठ्यावर उभी राहते. शोधनिबंधात मात्र लिहिलं जातं, 'उंबरठा स्वयंचलित पद्धतीने काढला', आणि वाचणाऱ्याला तो जास्त वस्तुनिष्ठ वाटतो! स्पंदनाआधीच्या शंभरेक मिलिसेकंदांत स्नायू किती शांत होता, हा आकडा प्रत्येक स्पंदनासोबत फाइलमध्ये आपोआप लिहिला जायला हवा. आणि माणसाने एखादं स्पंदन नाकारलं, तर तेही.

तीव्रतेला जोडूनच सुरक्षेचा मुद्दा येतो. वारंवार स्पंदनं देताना झटका येण्याचा धोका असतो. दुर्मीळ, पण खरा. 1996 च्या तज्ज्ञ-बैठकीनंतर तक्ते आले, आणि 2009 व 2021 मध्ये त्यांचे सुधारित मार्गदर्शक लेख. तक्ता असं सांगतो: सेकंदाला 20 स्पंदनं, उंबरठ्याच्या 110 टक्क्यांवर, सलग 1.6 सेकंदांपर्यंत; 120 टक्क्यांवर एक सेकंदच. नीट ऐका, टक्के उंबरठ्याचे आहेत, यंत्राच्या ताकदीचे नव्हेत.

मॅगपायसारख्या साधनात वेगवान यंत्रांसाठी तपासणी आहे. दोन मालिकांमध्ये किती थांबायचं, किती ऊर्जा जाते, हे ते बघतं. ही तपासणी यंत्र तापू नये म्हणून आहे. माणसाचा उंबरठा त्या साधनाला ठाऊकच नाही, त्यामुळे तक्त्याशी ताडून पाहणं त्याला शक्य नाही. यंत्राच्या प्रकृतीची काळजी कोडमध्ये आणि माणसाच्या प्रकृतीची काळजी भिंतीवर चिकटवलेल्या कागदात, असा हा प्रकार. बेस्टसारख्या साधनाकडे उंबरठा असतो, म्हणून निदान हिशेब करण्याची सामग्री असते. आमचं म्हणणं साधं आहे: जे साधन वारंवार स्पंदनं देऊ शकतं, त्याने उंबरठा विचारल्याशिवाय सुरूच होऊ नये. प्रयोगशाळेत संध्याकाळी सात वाजता एकटा बसलेला पीएचडीचा विद्यार्थी दमलेला असतो. त्याला अडवणारं कुणीतरी असलं पाहिजे.

जागेबद्दल थोडक्यात. कॉइल डोक्यावर नक्की कुठे आहे, याने फार फरक पडतो. 2009 मध्ये अलेक्झांडर सॅक यांच्या गटाने तुलना केली. प्रत्येकाच्या मेंदूच्या कार्यात्मक स्कॅनवरून जागा ठरवली तर परिणाम दिसायला 5 सहभागी पुरतील, आणि डोक्यावर टेपने मोजून ठरवली तर 47 लागतील, असा त्यांचा अंदाज आला. 5 हा आकडा आम्हाला जरा उत्साही वाटतो, पण दिशा बरोबर आहे. अडचण किमतीची. कॉइलची जागा दाखवणाऱ्या व्यापारी प्रणाली भरपूर महाग असतात. म्हणून ब्राझीलच्या इन्व्हेसॅलियसचं महत्त्व. कॅम्पिनासच्या सरकारी संशोधन केंद्रात 2001 पासून तिथल्या रुग्णालयांसाठी वाढवलेलं हे खुलं सॉफ्टवेअर, पुढे त्यात कॉइल-मार्गदर्शनाचा भाग आला. श्रीमंत प्रयोगशाळांची नक्कल करण्यापेक्षा आपल्यासारख्या देशातल्या विद्यापीठांनी तिकडे बघावं. मॅटलॅबचा परवाना विकत घेऊन त्यावर मोफत टूलबॉक्स बसवणं म्हणजे मोफत धान्यासाठी भाड्याचा टेम्पो करण्यासारखं आहे, आणि मॅजिक काय, बेस्ट काय, दोन्ही मॅटलॅबवरच उभी आहेत.

सिमनिब्सबद्दल विचारणा होते. डोक्याच्या एमआरआयवरून मेंदूत विद्युतक्षेत्र कुठे किती पोहोचेल ते काढणारं हे खुलं साधन. देखभाल आणि कागदपत्रं या बाबतीत या क्षेत्रातलं सगळ्यात नीटनेटकं. त्याच्या सरावाच्या डोक्याचं नाव अर्नी आहे आणि अर्नी जगभरच्या विद्यार्थ्यांचा मित्र झालाय. पण त्यातलं लाल-पिवळं चित्र हे भाकीत आहे. हाडाची वाहकता 0.01, मेंदूभोवतीच्या द्रवाची 1.654 सीमेन्स प्रतिमीटर, हे नेहमीचे आकडे सगळ्यांना सारखेच लावले जातात. चित्र तुमच्या डोक्याचं, हाड पुस्तकातलं. शोधनिबंधात ते 'पोहोचलेला डोस' म्हणून छापलं जातं तेव्हा आम्हाला खटकतं.

आता टीडीसीएसच्या खोट्या उद्दीपनाकडे येऊ. सहभागी आणि प्रयोग करणारा, दोघांनाही खरा प्रवाह की नावापुरता हे कळू नये, म्हणून काही यंत्रांत संकेतांक असतात. आकडा टाकायचा, यंत्र ठरवतं. कल्पना चांगली. पण 2012 मध्ये ओ'कॉनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की 2 मिलिअँपिअरला ही झाकपाक पुरत नाही, इलेक्ट्रोडखालची लाली बघूनच ओळखता येतं. त्याला सॉफ्टवेअर काय करणार, असं म्हणाल. एक गोष्ट नक्की करता येते: सत्र संपताच दोघांनाही 'तुम्हाला काय वाटतं, खरं की खोटं?' हे विचारायचं आणि उत्तर दिल्याशिवाय फाइल बंद होऊ द्यायची नाही. दोन ओळींचा कोड आहे. त्याऐवजी काय आढळतं? फाइलच्या नावातच 'शॅम' लिहिलेलं, आणि तीच फाइल विश्लेषण करणाऱ्यासमोर उघडलेली.

हे सगळं बारकावे काढणं वाटेल, म्हणून एक संदर्भ देतो. 2015 मध्ये एरू आणि सहकाऱ्यांनी या तंत्रांचा वापर करणाऱ्या संशोधकांना निनावी विचारलं, की मूळ निबंधांतले परिणाम तुम्हाला पुन्हा मिळाले का? उत्तर दिलेल्या 47 जणांपैकी निम्म्याच्या आसपास लोकच 'हो' म्हणाले. प्रतिसाद न देणारे सहभागी वगळणं, हवे तेवढेच परिणाम छापणं, असंही पुढे आलं. यात माणसामाणसांतला नैसर्गिक फरक मोठा आहे, प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. सॉफ्टवेअर हे त्याचं मुख्य कारण आहे असा आमचा दावा नाही. पण परिणाम दिसला नाही तेव्हा मेंदूने दाद दिली नाही, की स्पंदन उशिरा गेलं, की उंबरठा चुकला, की गेलंच नाही, हे वेगळं करायला फक्त नोंदच उपयोगी पडते. आणि बहुतेक फाइलींमध्ये 'घडलं' या सदराखाली लिहिलेलं असतं ते खरं तर 'सांगितलं'.

एक मुद्दा देखभालीचा. यातली बरीच साधनं एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून जन्मतात. पदवी मिळते, नोकरी लागते, कोड तिथेच राहतो. यंत्रातलं आतलं सॉफ्टवेअर कंपनी बदलते, आणि एके दिवशी जुना हुकूम यंत्राला समजेनासा होतो. एखादं साधन निवडताना त्याच्या वैशिष्ट्यांची यादी शेवटी वाचा. आधी बघा शेवटचा बदल कधी झाला, आणि तक्रारींना कुणी उत्तर देतंय का.

प्रश्नांच्या यादीत एका श्रोत्याने आधीच लिहून पाठवलंय: थोड्या पैशांत सुरुवात करायची तर काय घ्यावं? आमचं उत्तर: चित्रं आणि उत्तरं यांच्यासाठी सायकोपाय, यंत्राची तीव्रता लावायला मॅगपाय, पण स्पंदन सोडायचं सिरियल हुकमाने नव्हे, वेगळ्या ट्रिगर-तारेने. त्या तारेचा एक फाटा स्नायूंचे सिग्नल नोंदवणाऱ्या यंत्रात घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर चिकटवा, त्याचीही तार तिथेच. मग अक्षर, ट्रिगर आणि बोटाचं उडणं, तिन्ही एकाच घड्याळावर येतात, आणि संगणकाच्या फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विसंबून राहावं लागत नाही. सेन्सरचा खर्च काही शे रुपये. उंबरठ्यासाठी एमटॅट, आणि रेघ बघायला दोन डोळे.

आता पुढचे प्रश्न घेऊ.